मीगमाक

मीगमाक : कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील एक अल्गाँक्वियन भाषिक आदिवासी राष्ट्र. जुन्या इंग्रजी ग्रंथांत त्यांचा उल्लेख ‘मिकमॅक’ असा येतो, तर सतराव्या शतकातील फ्रेंच लेखक त्यांना ‘सूरिक्वा’ म्हणत. ‘मीगमाक’ हे रूप अनेकवचनी असून त्याचे एकवचन ‘मीगमाव’ असे होते. भाषेलाही हेच नाव आहे. स्वतःविषयी बोलताना हे लोक ‘ल्नू’ म्हणजे ‘माणूस’ हा शब्द वापरतात. नोव्हास्कोशा व प्रिन्स एडवर्ड बेट हे संपूर्ण प्रांत, न्यू ब्रन्सविकचा पूर्व भाग, क्वीबेकमधील गास्पे द्वीपकल्प आणि न्यू फाउंडलंडचा काही भाग या भूमीला ते ‘मीगमागी’ म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेन राज्यातही त्यांची वस्ती असून तेथील समूहास १९९१ मध्ये संघराज्याची मान्यता मिळाली.

यूरोपीयांशी संबंध आलेल्या उत्तर अमेरिकी लोकांपैकी मीगमाक हे अगदी आरंभीचे होत. त्यामुळे त्यांच्याविषयीची लिखित साधने चार शतकांची आहेत. परंतु ती जवळजवळ सर्व परकीयांनी लिहिलेली आहेत. त्यांचा स्वतःचा इतिहास, भूगोल, आकाशज्ञान व राजकीय करार यांची जपणूक मात्र मुख्यतः मौखिक कथनातून झाली. हा बोललेला शब्द प्रमाण मानावयाचा की कागदावरचा, हा प्रश्न अठराव्या शतकातील तहांपासून विसाव्या शतकाअखेरच्या न्यायनिर्णयांपर्यंत त्यांच्या इतिहासात पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो.

प्रदेश व जीवनपद्धती : मीगमागीचे परंपरेने सात जिल्हे मानले जातात. जिल्ह्यांची नावे भूमीचे स्वरूप सांगणारी आहेत. प्रिन्स एडवर्ड बेटाचे ‘एपेक्विटक’ हे नाव ‘पाण्यात पहुडलेली’ अशा अर्थाचे आहे. वायव्येकडील ‘केस्पेक’ म्हणजे ‘शेवटची भूमी’ आणि गास्पे हे आजचे नाव त्यावरूनच आले असावे. न्यू फाउंडलंडला ‘क्ताकमकुक’ म्हणत व त्यास पुढे आठवा जिल्हा मानू लागले. या प्रदेशातील मानवी वस्ती अतिप्राचीन आहे. नोव्हास्कोशातील डेबर्ट येथील उत्खननात अकरा हजार वर्षांहूनही जुने शिकारी तळ सापडले.

शेतीला प्रतिकूल अशा या थंड किनारी प्रदेशात मीगमाकांचे जीवन मासेमारी, शिकार व कंदफळांच्या संकलनावर आधारलेले होते. वसंतात नद्यांतून वर चढणारे मासे, उन्हाळ्यात किनाऱ्यावरील शिंपले व सागरी पक्षी, शरद ऋतूत ईल म्हणजे वाम जातीचे मासे, हिवाळ्यात सील, मूस, कॅरिबू व बीव्हर असे त्यांचे ऋतुचक्र असे. मूस, कॅरिबू किंवा अस्वल मारताना त्याची अवहेलना होऊ नये, त्याची हाडे कुत्र्यांना घालू नयेत, असे कडक संकेत पाळले जात. भूर्ज वृक्षाच्या सालीचा उपयोग त्यांच्या जीवनात सर्वत्र दिसतो. शंकूच्या आकाराची घरे, पाण्यात तापविलेले दगड टाकून अन्न शिजविण्याची भांडी आणि मध्यभागी कडा उंचावलेल्या हलक्या होड्या या सालीच्या करीत. अशी होडी समुद्राच्या लाटांतही पाणी आत येऊ देत नसे. साळूचे काटे रंगवून भूर्जसालीच्या पेट्यांवर भरतकामासारखी नक्षी करण्याची स्त्रियांची कला अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत यूरोपीय ग्राहकांमध्ये फार लोकप्रिय झाली. हाडाचे फासे लाकडी ताटलीत उसळवून खेळावयाचा ‘वाल्तेस’ हा त्यांचा आवडता खेळ असून तो अद्याप खेळला जातो. इंग्रजीतील ‘टोबॉगन’ व ‘कॅरिबू’ हे शब्द मूळ मीगमाव भाषेतून फ्रेंचमार्गे आलेले आहेत.

प्रत्येक जिल्ह्याचा एक ‘साकमाव’ म्हणजे प्रमुख असे. त्याचे अधिकार आज्ञेपेक्षा मनवळवणीवर व उदारतेवर अवलंबून असत. सर्व जिल्ह्यांची मिळून ‘सांते मावियोमी’ ही महासभा आहे. तिच्या नावातील ‘सांते’ हा शब्द फ्रेंच असून कॅथलिक प्रभावाचा निदर्शक आहे. महाप्रमुख, कप्तान आणि ‘पूतूस’ हे तिचे अधिकारी. यांपैकी पूतूस याचे काम विशेष लक्षणीय आहे. शिंपल्यांचे मणी गुंफलेल्या ‘वाँपम’ पट्ट्यांवर करारांच्या खुणा असत. त्या खुणांचा अर्थ सभेपुढे तोंडी सांगणे व पुढील पिढीस शिकविणे हे त्याचे कर्तव्य होते. पट्टा हा स्मरणाचा आधार. करार मात्र त्याच्या मुखी असे.

यूरोपीयांशी प्रथम संबंध : सोळाव्या शतकाच्या आरंभापासून बास्क व ब्रेतन मच्छीमार या किनाऱ्यावर येऊ लागले होते. जुलै १५३४ मध्ये फ्रेंच समन्वेषक झाक कार्त्ये शालर उपसागरात आला, तेव्हा चाळीस-पन्नास होड्यांतील लोकांनी काठ्यांना कातडी बांधून ती हलवीत त्याला व्यापारासाठी किनाऱ्यावर येण्याच्या खुणा केल्या. इतक्या लोकांना पाहून घाबरलेल्या कार्त्येने तोफा डागल्या. दुसऱ्या दिवशी मात्र देवघेव झाली. व्यापाराचा पुढाकार मीगमाकांचा होता व त्यांना परदेशी माणूस नवा नव्हता, हे या प्रसंगावरून उघड होते.

फ्रेंचांनी १६०५ मध्ये पोर रॉयाल येथे वसाहत केली. तेथील प्रमुख मांबर्तू याने २४ जून १६१० रोजी आपल्या कुटुंबीयांसह बाप्तिस्मा घेतला. मीगमाक या घटनेस फ्रेंचांशी व चर्चशी केलेला करार मानतात. मांबर्तू १६११ मध्ये मरण पावला. त्याच वर्षी आलेल्या प्येर ब्यार या जेझुइट पाद्र्याने मीगमाकांची लोकसंख्या तीन-साडेतीन हजार एवढी अंदाजली आहे. तोवर परकीयांबरोबर आलेल्या रोगांनी त्यांच्यात मोठी हानी केलेली होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

गास्पे भागात १६७५ पासून काम करणाऱ्या क्रेत्यँ ल क्लेर्क या रेकोले पंथीय पाद्र्याने आपल्या १६९१ च्या ग्रंथात एका वृद्ध मीगमाकाचे भाषण दिले आहे. फ्रेंचांसारखी घरे बांधून राहावे, असा उपदेश करणाऱ्यांना तो विचारतो, की पाच-सहा फूट उंचीच्या माणसाला एवढ्या उंच इमारती कशासाठी हव्यात? तुमचा देश इतका उत्तम असेल, तर तुम्ही बायकामुले सोडून, प्राण धोक्यात घालून आमचे मासे व कातडी नेण्यासाठी येथे का येता? भाषणाला पाद्र्याच्या लेखणीचे वळण लागले असणार. तथापि त्यातील युक्तिवाद व खोच पाहता वक्ता ऐकणाऱ्यांना हसवीत बोलत असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

कथनपरंपरा : परंपरागत कथेस मीगमाव भाषेत ‘आटुक्वाकन’ म्हणतात. बातमी किंवा नित्याची हकिकत यांसाठी ‘आग्नूटमाकन’ हा वेगळा शब्द आहे. कथा मुख्यतः हिवाळ्याच्या रात्री सांगत. काही कथा अनेक रात्री चालत आणि शेवटी ‘केस्पी-आटुकसित’ म्हणजे ‘येथे कथा संपली’ असे म्हणून कथक थांबे. भाषेच्या रचनेचाही या परंपरेशी जवळचा संबंध आहे. मीगमाव ही क्रियापदप्रधान भाषा असून तीत नामांची विभागणी स्त्री-पुरुष अशी नसून सजीव-निर्जीव अशी आहे. भूतकाळाच्या रूपांतच बोलणाऱ्याने घटना स्वतः अनुभवली, की ती त्याला अन्य मार्गाने कळली, हा भेद दाखविता येतो. आपल्याकडे ‘म्हणे’ हा शब्द जोडून जे काम होते, ते तेथे क्रियापदाचा प्रत्यय करतो. ज्या समाजाचे पुरावे मौखिक आहेत, त्याला असा भेद किती उपयोगी पडत असेल हे सांगावयास नको.

ग्लूस्काप हा या कथांतील सर्वांत प्रसिद्ध पुरुष. मिशनऱ्यांच्या सतराव्या शतकातील वृत्तांतांत तो ठळकपणे दिसत नाही. एकोणिसाव्या शतकातील संग्रहांतून तो पुढे येतो आणि आज मीगमाक अस्मितेचे तो प्रतीक बनला आहे. सामर्थ्यवान, पण देव नव्हे. उपकारकर्ता, पण प्रसंगी थट्टेखोर, असे त्याचे रूप आहे. आजीसमान वृद्धा व मार्टेन (एक मुंगसासारखा प्राणी) हे त्याचे सोबती. त्याच्या कथा प्रत्यक्ष भूप्रदेशाशी जडलेल्या आहेत. फंडी उपसागराच्या टोकाशी असलेल्या मायनस खाडीत महाकाय बीव्हराने बांध घालून पाणी अडविले होते. ग्लूस्कापने तो बांध फोडला व पाणी वाहते केले. पळणाऱ्या बीव्हराच्या मागे त्याने जी ढेकळे फेकली, ती पाच बेटे आजही ‘फाइव्ह आयलंड्स’ नावाने ओळखली जातात. त्याने पालथी घातलेली कढई म्हणजे स्पेन्सर बेट होय. या खाडीतील भरती-ओहोटीचा फरक सु. १६ मी.पर्यंत जातो व तो जगातील सर्वांत मोठ्या फरकांत गणला जातो. अशा ठिकाणी पाण्याच्या ये-जा करण्याला कारण शोधणारी कथा जन्मावी, हे स्वाभाविक आहे. होडीतून प्रवास करणाऱ्यास कथा माहीत असली, म्हणजे किनाऱ्याच्या खुणा आपोआप क्रमाने आठवत, हाही तिचा उपयोग होता. शेवटी लोकांच्या वागण्याला कंटाळून ग्लूस्काप निघून गेला. तो दूर कोठे तरी बाण तयार करीत बसला आहे व संकटकाळी परत येईल, अशी समजूत आहे. केप ब्रेटनमधील केली पर्वतावरील गुहा त्याचे स्थान मानली जाते. १९८९ मध्ये त्या पर्वतावर ग्रॅनाइटची प्रचंड खाण काढण्याची योजना पुढे आली, तेव्हा मीगमाकांनी ही गुहा पवित्र स्थान असल्याचे सांगून तिला विरोध केला. ती योजना अमलात आली नाही.

आकाशाची कथा मराठी वाचकांस विशेष मनोरंजक वाटेल, कारण तिचे पात्र सप्तर्षीच आहेत. सप्तर्षींमधील चौकोनाचे चार तारे म्हणजे ‘मूइन’ ही अस्वली. शेपटीचे तीन व त्यांच्यामागील भूतप मंडलातील चार तारे मिळून सात शिकारी पक्षी तिचा पाठलाग करतात. अंगिरस हा तारा म्हणजे लाल छातीचा रॉबिन. वसिष्ठ म्हणजे चिकडी हा चिमुकला पक्षी, आणि आपण जिला अरुंधती म्हणतो, ती अंधुक तारका म्हणजे त्याने मांस शिजविण्यासाठी बरोबर घेतलेले भांडे होय. मरीची हा करडा जे पक्षी. स्वाती हे घुबड. वसंतात अस्वली उत्तर मुकुटाच्या आपल्या गुहेतून बाहेर पडते व पाठलाग सुरू होतो. शरद ऋतूत मागचे चार शिकारी वाट चुकतात, म्हणजे त्यांचे तारे क्षितिजाखाली जातात. अस्वली मागच्या पायांवर उभी राहते, तेव्हा रॉबिन तिला बाण मारतो व भुकेने तिच्या अंगावर झेप घेऊन रक्ताने माखतो. त्याने अंग झाडले, तेव्हा उडालेल्या रक्ताने मॅपलची पाने लाल झाली; त्याच्या छातीवरचा डाग मात्र राहिला. करडा जे मांस शिजून तयार झाल्यावर सावकाश येऊन वाटा मागतो आणि कथक येथे श्रोत्यांतील आळशांकडे पाहत असणार! अस्वलीचा सांगाडा हिवाळाभर आकाशात पाठीवर पडून राहतो. तिचा जीव दुसऱ्या अस्वलीत शिरून गुहेत निजतो व वसंतात पुन्हा बाहेर पडतो. महाराष्ट्रातून पाहताना सप्तर्षी काही काळ मावळतात. मीगमागीच्या सु. ४५ अक्षांशावरून ते वर्षभर क्षितिजावर असतात, तर त्यांच्यामागचे भूतपाचे तारे मावळतात. या निरीक्षणावरच कथेची सारी घडण बसविलेली आहे. स्टॅन्सबरी हेगरने ही कथा १९०० मध्ये प्रथम सविस्तर प्रसिद्ध केली.

कथांतील राक्षसही निव्वळ भीतीचे नाहीत. ‘जेनू’ हा बर्फाचे हृदय असलेला नरभक्षक मूळचा माणूसच असतो. एका प्रसिद्ध कथेत तो अरण्यातील एका जोडप्याच्या झोपडीशी येतो. स्त्री त्याला घाबरत नाही, तर ‘बाबा’ म्हणून हाक मारते व आदराने घरात घेते. तो हिवाळाभर त्यांच्याजवळ राहतो आणि शेवटी ऊन चरबी पिऊन पोटातले सारे दुष्ट बाहेर टाकतो. अन्नान्न होणाऱ्या लांब हिवाळ्यात माणसाचे माणूसपण सुटण्याचे भय ज्यांना खरेखुरे होते, त्यांचीच ही कथा आहे. दुसरी एक कथा अदृश्य वीराची आहे. तो ज्या मुलीला दिसेल, तिच्याशी विवाह करील. अनेकजणी खोटे बोलतात. मोठ्या बहिणीने निखाऱ्यांनी चेहरा भाजलेली धाकटी मुलगी भूर्जसालीचे कपडे घालून, लोकांचे हसणे सोसत जाते. वीराच्या साधनांचे बंद इंद्रधनुष्याचे व आकाशगंगेचे आहेत, हे तिलाच दिसते. फ्रेंचांकडून आलेल्या सिंड्रेला कथेची छाया तीवर असल्याचे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. तसे असले, तरी बुटाच्या मापाच्या जागी खरे पाहण्याची व खरे बोलण्याची कसोटी आलेली आहे, आणि हा बदल मूळ कथेपेक्षा सरस आहे.

इतिहासही याच मार्गाने कथेत आला. एका मुलीला स्वप्नात झाडे असलेले तरंगते बेट किनाऱ्याकडे येताना दिसते. नंतर खरोखरच तसे काही येते व त्यावरील फांद्यांत अस्वले चढलेली दिसतात. धनुष्ये घेऊन धावलेल्या लोकांना जवळ गेल्यावर कळते, की ही माणसे आहेत व बेट म्हणजे जहाज आहे. ही कथा १८६९ मध्ये एका मीगमाव कथकाकडून लिहून घेण्यात आली, म्हणजे पहिल्या भेटीनंतर साडेतीन शतकांनी.

चिन्हलिपी व कथासंग्रह : नोव्हास्कोशातील केजिमकुजिक सरोवराकाठच्या पाटीच्या खडकांवर पाचशेहून अधिक कोरीव चित्रे आहेत. टोकदार टोप्या घातलेल्या स्त्रिया, होड्या, शिकार व शिडांची जहाजे ही त्यांतील काही विषय होत. चिन्हे काढण्याची ही सवय ल क्लेर्कच्या लक्षात आली. प्रार्थना शिकणारी मुले भूर्जसालीवर कोळशाने खुणा करताना त्याने १६७७ च्या सुमारास पाहिली व त्यांवरून प्रार्थनांची चिन्हलिपी तयार केली. (भूर्जपत्रावरील लेखन आपल्याकडे काश्मीरमधील हस्तलिखितांमुळे परिचित आहे.) पुढे प्येर मायार (मृत्यू १७६२) याने ती वाढविली. तिचा ग्रंथ १८६६ मध्ये क्रिस्ट्यान काउडरच्या प्रयत्नाने व्हिएन्नात छापला गेला. मात्र या लिपीत धार्मिक मजकुराखेरीज फारसे लिहिले गेले नाही; कथा तीत उतरल्या नाहीत.

कथांचा पहिला मोठा संग्रह सायलस रँड (१८१०–८९) या बाप्टिस्ट मिशनऱ्याचा. तो मीगमाव उत्तम बोले व त्याने बायबलच्या अनेक भागांचे भाषांतर आणि कोश तयार केला. चाळीस वर्षे धर्मप्रचार करूनही कॅथलिक मीगमाकांत त्याला अनुयायी जवळजवळ मिळाले नाहीत. परंतु त्यांच्या कथा त्याने आयुष्यभर ऐकल्या व टिपल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८९४ मध्ये ८७ कथांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्याची किंमत मोठी आहे. तथापि रँड ऐकलेली कथा बहुधा इंग्रजीत लिहून काढी. त्यामुळे कथकाचा सूर, पुनरुक्ती आणि क्रियापदांतून दाखविलेले अनुभव-श्रवणाचे भेद नाहीसे झाले. चार्ल्स लीलंडने १८८४ मध्ये हे साहित्य वापरताना त्यावर नॉर्स पुराणांचा रंग चढविला व ग्लूस्कापला उत्तर यूरोपीय देवांच्या पंक्तीस बसविले. त्याचे तर्क आज कोणी मानीत नाही. विसाव्या शतकात फ्रँक स्पेक, एल्सी क्लूज पार्सन्स तसेच विल्सन व रूथ वॉलिस यांनी शास्त्रीय पद्धतीने संकलन केले.

तह व न्यायालये : युट्रेक्टच्या तहाने (१७१३) फ्रान्सने अकेडिया ब्रिटनला दिला, देणाऱ्याने वा घेणाऱ्याने मीगमाकांना विचारले नव्हते. यानंतरची पन्नास वर्षे लढाया व तह यांत गेली. पहिला तह १७२५-२६ मध्ये झाला. ब्रिटिशांनी १७४९ मध्ये हॅलिफॅक्स वसविले. त्याच वर्षी ऑक्टोबरात राज्यपाल एडवर्ड कॉर्नवॉलिसने मीगमाक माणूस पकडून आणणाऱ्यास किंवा त्याच्या डोक्याची कातडी आणणाऱ्यास दहा गिनींचे बक्षीस जाहीर केले. (त्याचा हॅलिफॅक्समधील पुतळा २०१८ मध्ये हटविण्यात आला.) १७५२ मध्ये झां-बाप्तीस्त कोप या प्रमुखाशी तह झाला. लुईबूर हा फ्रेंचांचा किल्ला १७५८ मध्ये पडल्यावर १७६०-६१ मध्ये निरनिराळ्या प्रमुखांशी शांततेचे तह झाले व २५ जून १७६१ रोजी हॅलिफॅक्स येथे परशू जमिनीत पुरण्याचा विधी पार पडला. या तहांत मीगमाकांनी भूमी दिली नाही किंवा विकली नाही. ‘शांतता व मैत्री’ हाच त्यांचा विषय होता. ते इंग्रजीत लिहिले गेले, मीगमाकांनी ते ऐकले व स्मरणात ठेवले. फ्रेंचांचे भय संपताच ब्रिटिशांना त्यांचा विसर पडला. १७८३ नंतर अमेरिकेतून आलेल्या राजनिष्ठांना जमिनी वाटण्यात आल्या आणि मीगमाक लहान राखीव क्षेत्रांत लोटले गेले.

दोन स्मृती समोरासमोर आल्या, त्या १९२७ मध्ये. महाप्रमुख गॅब्रिएल सिलिबॉय यांच्यावर बंदीच्या मोसमात कातडी बाळगल्याचा खटला भरण्यात आला. १७५२ च्या तहाने शिकारीचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि वडीलधाऱ्यांकडून तहाविषयी काय ऐकले, हे मीगमाव साक्षीदारांनी न्यायालयात सांगितले. १९२८ मध्ये अपिलात न्यायाधीशाने तह अमान्य केला. मीगमाक हे तह करण्यास समर्थ असे स्वतंत्र राष्ट्रच नव्हते व रानटी लोकांना सार्वभौमत्व नसते, असे त्याने म्हटले. १९८५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सायमन खटल्यात १७५२ चा तह वैध ठरविला व त्या जुन्या निकालाची भाषा आजच्या काळास न शोभणारी असल्याचे सांगितले. १९८६ पासून १ ऑक्टोबर हा दिवस नोव्हास्कोशात ‘तहदिन’ म्हणून पाळला जातो. सिलिबॉय १९६४ मध्ये वारले. त्यांना मरणोत्तर माफी व नोव्हास्कोशा शासनाची दिलगिरी मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

यानंतरचा खटला डॉनल्ड मार्शल (धाकटे) यांचा. ते एका महाप्रमुखाचे पुत्र. न केलेल्या खुनाबद्दल १९७१ मध्ये त्यांना शिक्षा झाली व अकरा वर्षे तुरुंगात काढल्यावर १९८३ मध्ये ते निर्दोष ठरले. चौकशी आयोगाने न्यायव्यवस्था पदोपदी चुकली व त्यास ते आदिवासी असणे अंशतः कारण झाले, असा निष्कर्ष काढला. याच मार्शल यांनी १९९३ मध्ये परवान्याविना ४६३ पौंड ईल पकडून ७८७ डॉलर १० सेंटांस विकले. १७६० च्या तहाचा लिखित मसुदा पाहिला, तर त्यात मीगमाकांनी सरकारी व्यापारठाण्यांखेरीज अन्यत्र व्यापार करू नये, एवढेच नकारात्मक कलम होते. न्या. बिनी यांच्या बहुमताच्या निर्णयाने (१७ सप्टेंबर १९९९) वेगळा विचार केला. फेब्रुवारी १७६० मधील वाटाघाटींच्या ब्रिटिश नोंदी व सरकार पक्षाच्याच इतिहासकाराची साक्ष यांवरून ठाण्यांची मागणी आदिवासींनी केली होती, हे दिसत होते. ठाण्यात विकावयास काही हवे, म्हणजे ते मिळविण्याचा हक्क गृहीतच होता. तोंडी ठरलेल्या गोष्टी कागदावर आल्या नाहीत म्हणून त्या नव्हत्याच असे मानणे राजसत्तेच्या प्रतिष्ठेस शोभणारे नाही, असा निर्णयाचा आशय होता. ‘माफक उपजीविके’पुरती मासेमारी हा तहसिद्ध हक्क ठरला.

या विजयास मर्यादा पडल्या. दोनच महिन्यांनी न्यायालयाने स्पष्टीकरण देऊन शासनाचा नियंत्रणाचा अधिकार अधोरेखित केला. न्यू ब्रन्सविकमधील बर्न्ट चर्च येथे शेवंड्यांच्या मासेमारीवरून १९९९ ते २००२ या काळात संघर्ष झाला. २००५ मध्ये लाकूडतोडीच्या हक्काच्या खटल्यांत मीगमाकांचा पराभव झाला. तेथे मौखिक इतिहास सादर होऊनही भूमीचा हक्क सिद्ध झाला नाही, असे न्यायालयाने ठरविले. सिपेकनेकाटिक समूहाने सप्टेंबर २०२० मध्ये स्वतःच्या नियमांनुसार मासेमारी सुरू केली, तेव्हा बिगरआदिवासी मच्छीमारांनी हिंसक विरोध केला. ‘माफक उपजीविका’ म्हणजे किती, हे १९९९ च्या निर्णयात ठरलेले नव्हते.

भाषा व आधुनिक काळ : कथा सांगणाऱ्यांची साखळी तुटण्यास सर्वांत अधिक कारण झाली ती निवासी शाळा. नोव्हास्कोशातील शूबेनाकाडी येथील शाळा १९३० ते १९६७ पर्यंत चालली. घरापासून दूर नेलेल्या मुलांना तेथे मीगमाव बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. १९४० नंतरच्या दशकात शासनाने विखुरलेल्या वस्त्या उठवून लोकांना एस्कासोनी व शूबेनाकाडी या दोन ठिकाणी एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. त्याने घरे, शेते व शेजार मोडले. या शाळेत शिकलेल्या रीटा जो (१९३२–२००७) यांचा पहिला काव्यसंग्रह १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. हिरावलेली वाणी हा त्यांच्या कवितेचा मुख्य विषय असून त्यांनी इंग्रजीतून लिहून तो असंख्य वाचकांपर्यंत पोहोचविला. १९८९ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा सन्मान मिळाला.

दरवर्षी २६ जुलैच्या सुमारास, संत अ‍ॅनच्या सणास, केप ब्रेटनमधील चॅपल बेटावर मीगमाक जमतात. तेथे मायारने अठराव्या शतकात धर्मकेंद्र स्थापिले होते. येशूची आजी असलेली ही संत मीगमाकांनी जणू आपलीच आजी म्हणून स्वीकारली. महासभाही तेथेच भरत आली आहे. चर्चच्या उत्सवाच्या आश्रयाने जुनी राजकीय संस्था टिकून राहिल्याचे हे उदाहरण मोठे बोलके आहे.

१९९८ च्या कायद्याने नोव्हास्कोशातील बहुतेक मीगमाव वस्त्यांच्या शाळांचा कारभार त्यांच्या हाती आला. भाषा बोलणारे आता काही हजारच उरले असून त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. त्यात भर म्हणून लेखनपद्धतीही एक नाही. लिस्टुगुज येथे फादर पासिफीक यांच्या जुन्या पद्धतीवर आधारलेले लेखन चालते, तर नोव्हास्कोशात बर्नी फ्रान्सिस व डग स्मिथ यांनी १९७० नंतरच्या दशकात तयार केलेली पद्धत १९८० मध्ये अधिकृत झाली. नोव्हास्कोशाच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये मीगमाव ही प्रांताची आद्य भाषा असल्याचा कायदा केला. मूइन व सात शिकारी पक्ष्यांची कथा २०१० मध्ये समाजातील वडीलधाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे मीगमाव व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत पुस्तकरूपाने छापली गेली.